टाक्यांची तारजाळी

धान्याच्या व्यापाऱ्यास जाळीची ओळख करून द्यावयास नको. गव्हातील खडा आणि हरभऱ्यातील माती आम्ही जन्मभर तिच्यावरच निराळी केली. परंतु आमची चाळणी मागावरची. तिच्या उभ्या-आडव्या तारा एकमेकींस काटकोनात ओलांडतात व भोकाचे माप कायम राहते. कारखान्यांस लागणारी दुसरी एक जाळी आहे, ती पायमोजा विणावा तशी टाक्यात टाका अडकवून होते. मराठीत दोहोंसही 'विणलेली' हाच शब्द असल्याने मागणी नोंदविताना घोटाळा होणे सोपे आहे.

ही जाळी गोल यंत्रावर निघते. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, तापवून मऊ केलेली तार वर्तुळात मांडलेल्या आकडीदार सुयांस पुरवितात. सुया वरखाली होत जुन्या टाक्यातून नवा टाका ओढतात आणि खाली अखंड नळी उतरत जाते. ती चपटी करून दातेरी रुळांतून काढली की तिजवर तिरप्या चुण्या उठतात. थर रचताना या चुण्या उलटसुलट दिशेस ठेवतात; त्यामुळे थर एकमेकांत रुतत नाहीत. अशा रचलेल्या गादीस 'डेमिस्टर' म्हणतात.

तिचे काम समजावयास साखर कारखाना पाहावा. बेळगावकडील आमच्या बंधूंस तो परका नाही. उसाचा रस आटविताना वाफ वेगाने वर जाते आणि रसाचे सूक्ष्म थेंब बरोबर नेते. साखर तर जातेच. शिवाय त्या वाफेचे पाणी बॉयलरला दिल्यास साखरेपासून आम्ल होऊन नळ्या झिजतात. वाटेत १०० ते १५० मिलिमीटर जाडीची गादी बसविली की वाफ तारांमधून वळणे घेत निघून जाते. थेंबास तसे वळता येत नाही. तो तारेवर आपटतो, शेजाऱ्यास मिळून मोठा होतो आणि खाली गळतो. ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचे थेंब असे अडतात. मात्र वाफेचा वेग बेताचा हवा. फार झाला तर अडलेला थेंब पुन्हा उडतो, फार कमी झाला तर बारीक थेंब तारेस न शिवता निसटतो. खनिज तेल, खत, खाद्यतेल यांच्या कारखान्यांतही हीच युक्ती चालते. हीच जाळी साच्यात दाबून यंत्रांचा हादरा सोसणाऱ्या गाद्याही करतात.

आम्हां तराजूवाल्यांस येथे एक गोष्ट चमत्कारिक वाटते. एक घनमीटर गादीत पोलाद सुमारे १५० किलो. तेवढाच भरीव ठोकळा ८,००० किलोंचा भरेल. म्हणजे शंभरात ९८ भाग पोकळी, आणि गिऱ्हाईक पैसे देतो ते त्या पोकळीच्या नेमकेपणाचे! वजन वाढविलेली गादी वाफेची वाट अडविते.

ज्यांची मुले धान्याची पेढी सोडून या धंद्यात उतरू पाहत आहेत, त्यांनी तारेची जात पारखून घ्यावी. ३०४ जातीच्या स्टेनलेस पोलादाच्या नावावर कमी निकेलची २०२ जात खपविता येते. लोहचुंबक येथे फसवितो. मऊ केलेल्या दोन्ही तारा त्यास दाद देत नाहीत, उलट थंड ओढलेली अस्सल ३०४ कधी किंचित चिकटते. म्हणून प्रत्येक गुंडाळीबरोबर गिरणीचा रासायनिक दाखला मागावा व त्यावरील क्रमांक गुंडाळीच्या चिठ्ठीशी ताडून पाहावा. शंका आल्यास विणण्यापूर्वीच तुकडा प्रयोगशाळेत धाडावा. गादी भांड्यात बसल्यावर ती बदलावयास कारखाना बंद ठेवावा लागतो.