झगमगाटात हरवलेली नीला

थाटामाटात 'झनक झनक पायल बाजे'च्या जवळपास जाणारे मराठी दिग्दर्शकाचे चित्रपट मोजकेच. व्ही. शांताराम यांनी 1955 मध्ये राजकमल कलामंदिरातर्फे तो टेक्निकलरमध्ये आणला. कनु देसाईंचे कलादिग्दर्शन, वसंत देसाईंचे संगीत, शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँचा आवाज. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअर मिळाले, प्रेक्षकांनीही तो डोक्यावर घेतला.

तरीही आज पाहताना दोन गोष्टी खुपतात.

पहिली नाचाबद्दलची. नायक गिरधर झालेले गोपीकृष्ण हे सितारादेवींचे भाचे, कथकच्या घराण्यातलेच. अशा नर्तकाची तयारी कळायची तर पहिल्या पदन्यासापासून समेवर येईपर्यंत नजर पायांवर ठरली पाहिजे. इथे ती सारखी गडद रंगांकडे, सजावटीकडे, वेशभूषेकडे ओढली जाते. नायिका नीला झालेल्या संध्या मुळात कथक नर्तकी नव्हत्या; या चित्रपटासाठी त्या गोपीकृष्णांकडेच शिकल्या. त्यांची मेहनत पडद्यावर दिसते, पण शेजारी लहानपणापासूनचा रियाज उभा असल्याने फरकही लपत नाही.

दुसरी उणीव कथेतली, आणि ती जास्त गंभीर आहे. मंगल महाराजांना शिष्या नीला ही आपल्या मुलाच्या, गिरधरच्या साधनेतला अडथळा वाटते. मग त्याचे मन उडावे म्हणून तिने त्याच्या नजरेतून उतरायचे, जीव द्यायला निघायचे, जोगीण व्हायचे! शेवटी ती नाचते, तेही गिरधरची स्पर्धा सावरायला. तिला स्वतःला नाच शिकायचा होता, हे कथा विसरूनच जाते.

प्रत्यक्षात चित्र वेगळे होते. बंगळूरच्या माया राव यांनी गावातच कथकचे धडे गिरवले आणि 1950च्या दशकात दिल्लीत शंभू महाराजांसारख्या गुरूकडे तालीम घेतली. पुढे सोव्हिएत संघात जाऊन त्या नृत्यदिग्दर्शन शिकल्या. 1987 मध्ये त्यांनी आपली नाट्य इन्स्टिट्यूट बंगळूरला आणली. ही बाई कुणाच्या साधनेतला अडथळा नव्हती. तिची साधना तिची होती.

शांतारामांना हे कळत नव्हते असे म्हणवत नाही. 1937 च्या 'कुंकू'मध्ये ना रंग, ना भव्य सेट, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. त्यात शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला ठाम नकार देते. तो नवरा रंगवला होता केशवराव दाते यांनी. अठरा वर्षांनी मंगल महाराज झाले तेही केशवरावच, आणि या वेळी समोरच्या मुलीच्या तोंडी नकाराचा शब्द नव्हता.