मोठ्या मापाची पद्मिनी (भाग ४) : लांबी जोडता येते, रुंदी नाही

गेल्या भागात गाडी ठरली: प्रीमियर पद्मिनी, काळी-पिवळी, टपावर कॅरियर. मापही ठरलं, १:८. आता या बॉडीखाली रिमोटवर चालणारी चासी कुठून आणायची? तयार मिळायची आशा सोडा. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीसाठी केलेली घ्यायची आणि तिच्यावर करवत चालवायची, हाच मार्ग. गंमत म्हणजे मूळ गाडीला वेगळी चासी नव्हतीच. फियाटनं १९५३ साली नवी ११०० काढली तेव्हापासून बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि कुर्ल्याला बनलेल्या गाड्याही त्याच वळणाच्या. त्यामुळे खऱ्या गाडीच्या पोटाखाली शिरून नकाशा काढत बसायची गरज नाही. दोन मापं पुरतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २३४० मिमी. रुंदी १४६० मिमी. आठानं भागलं की २९२.५ आणि १८२.५.

इथे बरेच जण फसतात, कारण चासी निवडताना ते आधी व्हीलबेस जुळवतात. आपण १:१० माप घेतलं असतं तर व्हीलबेस २३४ आला असता. तामिया कंपनीच्या एम प्रकारातल्या चासीचा लांब अवतार आहे २३९ मिमीचा. फरक जेमतेम पाच मिलिमीटरचा, म्हणून माणूस खूश होतो. पण त्याच मापात पद्मिनीची बॉडी फक्त १४६ मिमी रुंद, आणि ती चासी चाकांसकट १६०च्या पुढे. चाकं मडगार्डबाहेर डोकावणार आणि टॅक्सीची रेसची गाडी होणार. चासी अरुंद करायची म्हणजे सस्पेन्शनचे आर्म, ॲक्सल, स्टिअरिंगचे दांडे, सगळंच आखूड करायचं. एक चुकलं की खड्ड्यात चाक खालीवर होताना आपोआप वळतं. लांबी वाढवायला मात्र करवत, ड्रिल आणि पट्टी पुरते. म्हणून चासी रुंदी बघून घ्यावी.

तामियाची टीटी-०२ मला या कामासाठी बरी वाटते. १:१० मापाची, सुटे भाग सहज मिळणारी, व्हीलबेस २५७ आणि चाकांसकट रुंदी सुमारे १८५. आपल्या बॉडीचा पत्रा दोन्हीकडे दोन-दोन मिमी धरला तर आत १७८.५ उरतात, म्हणजे दोन्हीकडे थोडी फट ठेवून चाकं १७२मध्ये बसायला हवीत. तेरा मिमी कमी करायचेत, तेही आर्मला हात न लावता. तिचं टायर २६ मिमी रुंद असतं. खऱ्या पद्मिनीचं टायर ५.२० इंची, आठानं भागलं की साधारण १७ मिमी. तेवढं अरुंद चाक लावलं की दर बाजूला साडेचार मिमी सुटतात. उरलेले दोन मिमी रिममधून काढायचे: लेथवर नायलॉनची रिम कातताना १२ मिमीच्या षटकोनी हबची बैठक मध्याच्या दोन मिमी बाहेर ठेवायची, म्हणजे चाक तितकं आत सरकतं. मूळ चाक बैठकीपासून १३ मिमी आत जात होतं, हे साडेदहाच जातं, त्यामुळे रिम आर्मला घासायची भीती नाही.

आता लांबी. २९२.५मधून २५७ गेले, राहिले ३५.५. टीटी-०२ मुळात चारही चाकं ओढणारी गाडी. मोटर मागच्या गिअरबॉक्सला लागून, आणि तिथून एक लांब शाफ्ट पुढे जातो. चासी लांबवली की हा शाफ्टही लांबवायला हवा, आणि तो किंचित वाकडा झाला तरी गाडी थरथरते. पण पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची! मग शाफ्ट काढूनच टाका, पुढचे गिअरही काढा. पुढच्या चाकांचे छोटे ॲक्सल तेवढे राहू द्या, चाकं त्यांच्यावरच फिरतात. (मागे खऱ्यासारखा अखंड ॲक्सल आणि कमानपाटे हवेत असा हट्ट धरणाऱ्यांना माझा नमस्कार. गाडी उलटी केल्याशिवाय ते दिसत नाहीत.)

कापण्यापूर्वी चासीच्या तळावर टोकदार सळईनं लांबीभर सरळ रेघ ओढा. मग मधोमध आडवं कापा. दोन्ही तुकडे जाड काचेवर ठेवून रेघ जुळवा, मध्ये ३५.५ मिमीचा लाकडी ठोकळा घाला आणि खालून ३ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं आवळा. दोन्हीकडे निदान चार-चार सेंटिमीटर पकड हवी. गोंदावर भिस्त ठेवू नका. काप बॅटरीच्या कप्प्यातून गेला तर कप्पा लांब होतो, तिथे फोम भरा. स्क्रूची डोकी मात्र तळात बुडवा, नाहीतर ती बॅटरीच्या वेष्टणाला भोक पाडतील. सगळे स्क्रू पक्के करण्याआधी कर्ण मोजा: पुढच्या डाव्या चाकापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल तर सोडून पुन्हा बसवा. नंतर दोन्ही कडांना ॲल्युमिनियमचे अँगल लावा, नाहीतर चासी पिळवटते.

खऱ्या टायरचा व्यास आठानं भागला की ७६ मिमीच्या आसपास येतो. मूळ टायर ६४च्या आसपास. गाडी सहा मिमी वर उठते, ते बरंच, कारण रेसची चासी फार बसकी असते. पण वेगही जवळपास एक-पंचमांश वाढतो आणि मोटरवर ताण येतो. मोटरच्या बैठकीत बसेल तितकं लहान पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक) लावा. टॅक्सीला तसाही सुसाट पळायचा शौक नसावा. वळायला मात्र मूळ चासीपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त जागा लागेल, कारण व्हीलबेस तेवढा वाढलाय. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून मोठं टायर चासीच्या कडेला लागतंय का तेही बघा, आणि लागत असेल तर कड कानसून घ्या.

स्प्रिंगची निवड आत्ता करू नका. या चासीच्या स्प्रिंग पातळ पारदर्शक बॉडीच्या वजनासाठी आहेत, आणि आपली बॉडी त्याहून कितीतरी जड होणार, वर कॅरियरही. पुढच्या आठवड्यात बॉडीचा सांगाडा घेऊ. तोवर चासीवर वाळूची पिशवी बांधून अंगणात फिरवून बघा आणि सरळ सोडल्यावर ती कुठल्या बाजूला ओढते ते टिपून ठेवा.