मालकी सागवनाची विरळणी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगल म्हटले की शासकीय वनच डोळ्यांसमोर येते, आणि त्यास ऐतिहासिक कारण आहे. जुन्या चांदा जिल्ह्यातील जमीनदारी व मालगुजारी जंगले मध्य प्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून शासनाकडे गेली. पुढे १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने उरलेल्या खाजगी वनांचाही प्रश्न निकाली काढला. असे असले तरी सातबाऱ्यावर नोंदलेली सागाची झाडे आजही शेतकऱ्यांकडे आहेत; कुठे बांधावर, तर कुठे एक-दोन एकरांच्या तुकड्यात. प्रस्तुत लेखात या ‘मालकी’ सागाच्या निगेचा, विशेषतः विरळणीचा, विचार केला आहे.

साग हा प्रकाशप्रिय वृक्ष आहे. त्यास शेजाऱ्याची सावली सोसत नाही आणि पाणी साचणारी चिकण जमीनही मानवत नाही. सागजडी साधारणतः २ × २ मीटर अंतरावर लावतात. म्हणजे हेक्टरी २,५०० रोपे. आरंभी ही दाटी उपकारक असते, कारण तीमुळे खोड सरळ वाढते व खालच्या फांद्या आपोआप गळतात. परंतु पर्णछत्रे एकमेकांस भिडली की उंची वाढत राहते, घेर मात्र थांबतो. म्हणून पहिल्या विरळणीत एकाआड एक तिरकी ओळ काढतात व निम्मी झाडे राखतात. त्यानंतरच्या विरळणीत ओळ न पाहता झाड पाहावे लागते. वाकडे, दुभंगलेले, कीडग्रस्त व दबलेले झाड काढावयाचे आणि उमद्या झाडाभोवती मोकळीक करावयाची. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते. पैशाची निकड असलेला मालक सर्वांत जाड झाड विकतो आणि निकृष्ट झाडे उभी राहतात! ही विरळणी नव्हे, वनाची उतरंड होय.

येथे अर्थशास्त्र आड येते. पहिल्या विरळणीतून निघणाऱ्या बारीक बल्ल्यांस भाव अल्प मिळतो. १९९० च्या दशकात सागलागवडीच्या कंपन्यांनी अल्पावधीत भरघोस परताव्याची जी स्वप्ने विकली, त्यांतून ‘वीस वर्षांत इमारती लाकूड’ हा समज रुजला. अशा योजनांवर सेबीने १९९९ मध्ये नियमावली लागू केली. समज मात्र टिकून आहे. कोवळ्या सागात बाहेरील पांढरे लाकूड अधिक व मधले पक्के लाकूड कमी असते. २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी बल्लारपूरहून गेलेला साग या जिल्ह्यांच्या जुन्या वनांचा होता, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी अडचण कायद्याची. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमानुसार साग अनुसूचित वृक्ष असल्याने मालकासही तोडीपूर्वी परवानगी घ्यावी लागते, आणि लाकूड हलविण्यास वाहतूक परवाना लागतो. शेत वनाला लागून असल्यास सीमेची खातरजमा अपरिहार्य ठरते, कारण मालकी परवान्याच्या आडून शासकीय झाडे तोडली जाण्याचा धोका खराच आहे. आदिवासी खातेदारांसाठी १९६९ चा स्वतंत्र अधिनियम आहे. व्यापाऱ्यांकडून होणारी लूट थांबावी म्हणून त्यांच्या झाडांची विक्री शासकीय यंत्रणेमार्फत व्हावी, असे त्यात अभिप्रेत आहे. हेतू निर्विवाद योग्य आहे. तथापि जी प्रक्रिया पक्व झाडांच्या एकरकमी विक्रीस साजेशी आहे, तीच चार गाड्या बल्ल्यांसाठी पार पाडावयाची म्हटल्यास खातेदार विरळणीचा नादच सोडतो. परिणामी ज्याच्या रक्षणासाठी कायदा झाला त्याचेच वन खुरटते. विरळणीसाठी वेगळी व सोपी परवानगी असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परवानगीविना करता येण्याजोगी कामेही थोडी नाहीत. तोडलेल्या खुंटास अनेक फुटवे येतात. त्यांतील एक जोमदार फुटवा राखून उर्वरित काढावेत. मोहफुले वेचण्याच्या हंगामापूर्वी जाळरेषा साफ करावी, कारण कोवळी रोपे आगीत जमिनीपर्यंत जळतात. बांधावर मानवेल बांबूही घेता येतो. २०१७ च्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरील बांबू भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. मात्र बेटातील एक-दोन वर्षांचे कोवळे बांबू राखून जुनेच काढावेत, आणि पावसाळ्यात नवे कोंब येत असताना तोड पूर्णपणे बंद ठेवावी.