कोणतंही पातं, कोणताही रेझर

कस्टम्सच्या दरपत्रकात दाढी एका जागी सापडत नाही. रेझर आणि त्याची पाती ८२१२ या हेडिंगखाली, सुऱ्या-कात्र्यांच्या प्रकरणात. दाढीचा ब्रश ९६०३ मध्ये, झाडू आणि रंगाऱ्याच्या कुंचल्यांसोबत. क्रीमची ट्यूब ३३०७ मध्ये, अत्तरांच्या शेजारी. दाढीचा साबण वडीच्या रूपात आला की मात्र तो ३४०१. तुरटी थेट रसायनांत, २८३३. न्हावा शेव्याच्या बंदरावर कस्टम्स ब्रोकरच्या कचेरीत बसून बिल ऑफ एन्ट्री भरणाऱ्या माणसाला असे आकडे तोंडपाठ असतात. हा सगळा माल रोज सकाळी एकाच गालावर एकत्र येऊ शकतो, हे मला बरंच उशिरा सुचलं. तोवर माझी दाढी म्हणजे फेसाचा डबा आणि पाच पात्यांचं कार्ट्रिज. घाईत उरकायची, विसरायची.

ते कार्ट्रिज सोडलं त्यामागे किमतीची कुरकुर होतीच, पण खरं कारण मान. यार्डात जायचं तर हेल्मेट लागतं, त्याचा पट्टा हनुवटीखालून जातो, आणि उरणच्या दमट हवेत त्या पट्ट्याखालचा घाम वाळत नाही. नेमक्या त्याच जागी बारीक लाल पुटकुळ्या यायच्या. कार्ट्रिजची कल्पना अशी, की पुढचं पातं केसाला किंचित ओढून धरतं, मागचं तो कापतं, आणि कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जाऊन बसतं. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात. कुरळ्या केसांच्या माणसाला तो महागात पडतो: केस वाढताना सरळ बाहेर न येता आतल्या आत वळतो.

मग आणला तो साधा तीन भागांचा रेझर. वरची टोपी, मधली पट्टी, खाली मूठ. मध्ये पातं ठेवायचं आणि मूठ पिळायची. पिळताना पातं टोपीच्या बाकावर वाकतं आणि वाकल्यामुळेच ताठ होतं. दशांश मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला एरवी दम नसतो. मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही कडा सारख्याच बाहेर आल्यात ना, हे पाहायचं. एखादी जास्त दिसली तर मूठ सैल करून पातं पुन्हा बसवायचं. हे वगळलं तर त्या बाजूने रक्त ठरलेलं.

अवघड असतं ते विसरणं. कार्ट्रिजचं डोकं स्प्रिंगवर डुलतं, गालाच्या चढ-उतारांवर स्वतःच वळतं, म्हणून हाताला फक्त दाबायची सवय लागते. इथे दाब चालतच नाही. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. आधी टोपी गालाला सपाट टेकवायची, मूठ जमिनीला समांतर. मग मूठ हळूहळू खाली आणत जायचं. एका ठिकाणी कड केसाला लागते आणि कुरकुर ऐकू येते. कोन साधारण तीस अंशांचा, पण तो डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतो. कोन चुकला की आवाज बसतो, नाहीतर कर्कश होतो. मी तर पंखा बंद करून दाढी करायला लागलो.

हनुवटीच्या वळणावर कोन दर बोटभर अंतराला बदलावा लागतो, म्हणून तिथे लांब हात मारायचा नाही, आखूड आखूड घ्यायचे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. आणि त्याआधी दाढी दोन दिवस वाढू देऊन, बोटं फिरवून, केस कुठल्या दिशेने उगवतात ते समजून घ्यायचं. गालावर ते खाली येतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. माझ्या मानेवर डावीकडे ते आडवे जातात आणि कंठाजवळ चक्क वर चढतात. इतकी वर्षं मी तिथे खालून वर रेझर ओढायचो, तो सुलटाच हात होता. आणि वरून खाली म्हणजे उलटा. पहिला हात केसाच्या दिशेने, मग पुन्हा फेस, मग आडवा. उलटा हात मी मानेला लावतच नाही. त्यामुळे दाढी काचेसारखी गुळगुळीत होत नाही, आणि तशी करायचा हट्टही मी सोडलाय. पुटकुळ्या गेल्या, मला तेवढं पुरे.

फेसाचं सगळं गणित पाण्यावर. बाजारात मिळणारे स्वस्त ब्रश नायलॉनचे. ते पाणी फारसं धरत नाहीत, म्हणून थेंब थेंब पाणी वाढवत जावं लागतं. जनावराच्या केसांचे ब्रश आधी भिजवून ठेवतात. या ब्रशांनी एकेकाळी माणसं मारलीत. पहिल्या महायुद्धात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना अँथ्रॅक्स झाला, आणि १९२० मध्ये ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा किस्सा आवडणारच. असो. वडीवर ब्रश गोल फिरवायचा, मग गालावर. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, तो फेस कामाचा नाही. दोन-चार थेंब पाणी घालून घोटत राहिलं की बुडबुडे दिसेनासे होतात आणि चमक येते. सिडकोच्या नळाला हेटवणे धरणाचं पाणी येतं, त्यात फेस सुरेख होतो. खाडीकाठच्या खारट बोअरच्या पाण्यात तीच वडी, तोच ब्रश, आणि हाती फक्त पांढरट चिकटा. क्षार साबणाला फेसाळू देत नाहीत.

फेस वंगण म्हणून लागतो, तसा केस भिजलेला ठेवायलाही लागतो. कोरडा केस पात्याला जड जातो. पोलाद केसापेक्षा पन्नासेक पट कठीण, तरी पातं बोथट कसं होतं, याचा शोध अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी घेतला. त्यांचा निबंध २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. जान्लुका रॉशोली हा संशोधक स्वतःची दाढी करून दरवेळी ते पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेत असे. त्याला दिसलं ते असं: कड घासून गोल होण्याआधी तिचे बारीक टवके उडतात, आणि तेही केस वाकून तिरपा लागतो तेव्हा. जिथे पोलादाची अंतर्गत घडण एकसारखी नसते तिथेच टवका निघतो. हे वाचल्यावर मी पातं टॉवेलला पुसणं बंद केलं. झटकायचं, रेझर उघडून ठेवायचा.

उरणच्या बाजारातल्या सलूनमध्ये जुन्या वस्तऱ्याची जागा कधीच बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याने घेतलीय. तिथले काका पातं कागदातून काढतच नाहीत. कागदासकट दुमडतात, टक् आवाज येतो, दोन तुकडे. एक वस्तऱ्यात सरकवतात, दुसरा कागदातच पुढच्या गिऱ्हाइकासाठी. मी रेझर बदलल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझी मान वळवून पाहिली आणि एवढंच म्हणाले, “दाबत नाहीस आता. बरं झालं.” मग विचारलं, कुठलं पातं वापरतोस. मी नाव सांगितलं. “बदलून बघ. प्रत्येकाच्या कातडीला वेगळं बसतं.”

बदलून बघता येतं, हीच तर मौज. टोपाझ घ्या, सेव्हन ओ’क्लॉक घ्या, सुपरमॅक्स घ्या. जर्मनीतल्या झोलिंगेनला बनलेल्या मर्कुर रेझरमध्येही ती बसतात, फूटपाथवरच्या रेझरमध्येही, आणि अर्धी तोडली की काकांच्या वस्तऱ्यातही. ४३ बाय २२ मिलिमीटर, मध्ये ठरलेल्या आकाराची खाच. ही उदारता कुणी मनापासून दाखवलेली नाही. किंग कॅम्प जिलेटच्या कंपनीने १९०३ मध्ये अवघे ५१ रेझर विकले, पुढच्या वर्षी नव्वद हजारांवर. १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पेटंट मिळालं. रेझर स्वस्तात देऊन पात्यांवर कमावण्याची युक्ती त्याच्या नावावर खपवतात. प्रत्यक्षात पेटंट होतं तोवर रेझरची किंमत ५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मानाने भरभक्कम. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली. १९३० च्या सुमारास हेन्री गेइसमनच्या ऑटोस्ट्रॉप कंपनीशी पात्याच्या भोकांवरून भांडण जुंपलं आणि शेवटी दोन्ही कंपन्या एक झाल्या. पुढे त्या खाचेला कुणी मालक उरला नाही. कंपन्यांना नव्याने कुलूप घालायचं तर आकारच बदलणं भाग होतं. १९७१ ला दोन पाती, १९९८ ला तीन, २००६ ला पाच. आणि डोकं बसवायची खोबण बहुतेक वेळा ज्याची त्याची.

बंदरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मालवाहतूकदार मॅल्कम मॅकलीनच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावरून २६ एप्रिल १९५६ ला ५८ डबे, म्हणजे कंटेनर, निघाले, तेव्हा त्या डब्यांचे कोपरे फक्त त्याच्याच यंत्रणेला चालत. कीथ टँटलिंगरने घडवलेल्या त्या कोपऱ्यांच्या आणि त्यांत अडकणाऱ्या ट्विस्टलॉकच्या पेटंटवरचा हक्क मॅकलीनने साठच्या दशकात सोडला, म्हणून सगळ्या जगाला एक माप ठरवता आलं. १९८९ मध्ये न्हावा शेव्याचं हे बंदर, जेएनपीटी, सुरू झालं ते या मापावरच. २०२३-२४ या वर्षात इथून वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने ६४ लाखांवर डबे हलले. क्रेन कुणाची, जहाज कुणाचं, ट्रेलर कुणाचा, काही फरक पडत नाही, कोपरा जुळतो. प्रत्येक शिपिंग लाइनने स्वतःचा कोपरा ठेवला असता तर करळ फाट्यावरची रांग पनवेलपर्यंत गेली असती.

त्या रांगेत सकाळी दाढी करणारे ड्रायव्हर असतात. ट्रेलरचा आरसा वळवायचा, पायरीवर मग ठेवायचा, मगभर पाण्यात सगळं उरकायचं. या मगापायी जिलेट एकदा फसली होती. भारतासाठीचा ‘व्हेक्टर’ रेझर त्यांनी एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांवर पारखला. त्यांना तो आवडला, कारण त्यांच्याकडे वाहता नळ होता. इथे मगातल्या पाण्यात दोन पात्यांमध्ये केस अडकून बसले. मग कंपनीची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली आणि २०१० मध्ये १५ रुपयांचा ‘गार्ड’ आला, ५ रुपयांच्या कार्ट्रिजचा, एकाच पात्याचा. पाच पात्यांपर्यंत चढलेली कंपनी मगापुढे एका पात्यावर आली. डोकं मात्र कुलपाचंच ठेवलं.

शेवटी तुरटी. गार पाण्याने तोंड धुतलं की ओल्या कातडीवरून खडा फिरवायचा. जिथे दाब जास्त पडला तिथे ती चरचरते, बाकी ठिकाणी गप्प. लोशन सगळीकडे सारखंच झोंबतं, त्यातून काही कळत नाही.

कुणी विचारलं तर मी सरसकट शिफारस करत नाही. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना दिसायला कमी आलंय, त्यांना डुलतं डोकंच बरं. ते त्यांच्यासाठी खरोखर सोयीचं आहे. विमानात हातातल्या बॅगेत सुटं पातं नेऊ देत नाहीत, तेव्हा मीही कार्ट्रिज घेतो. वापरलेल्या पात्यांसाठी मी पावडरीच्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडलीय. भरला की चिकटपट्टी लावून भंगारवाल्याला द्यायचा, आत काय आहे ते सांगून. तो पोलाद म्हणून घेतो. कार्ट्रिज त्याने परत केलं होतं: प्लास्टिक, रबर आणि पोलाद वेगळं करायला त्याला वेळ नाही.