मनीऑर्डर घरी पोचली नाही? घाबरू नका, आधी हे करा


सर्व सभासद, होडीमालक आणि घरच्या आया-बहिणींसाठी.

आपली बरीच पोरं हंगामात मालवण, रत्नागिरी, मलपेला बोटीवर खलाशी म्हणून जातात. गावाकडं म्हाताऱ्या आईकडं मोबाईल नसतो, म्हणून पोस्टातून मनीऑर्डर येते. ती आली नाही की "पैसे कुणीतरी खाल्ले" अशी बोलणी सुरू होतात. तसं म्हणण्याआधी एवढं करा.

१) पावती : पैसे भरल्याबरोबर पावतीचा फोटो घरी कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवा. पावती भिजली, हरवली म्हणून पैसे बुडत नाहीत. जिथून पैसे पाठवले त्याच पोस्टात तारीख, रक्कम आणि नाव-पत्ता घेऊन चौकशी करा.

२) पत्ता : निपाणी आता वेगळा तालुका आहे, तरी जुन्या सवयीनं बरेच जण चिकोडी लिहितात. घोटाळा इथंच होतो. निपाणी शहराचा पिन ५९१२३७ आहे, पण आपल्या गावाचा पिन कोणता हे गावच्या पोस्टातून विचारून घ्या. घर बंद असलं, पत्ता सापडला नाही, तर पैसे पाठवणाऱ्याकडं परत जातात. तिकडंही विचारा.

३) तक्रार : तोंडी नको, लेखी द्या आणि तक्रारीचा नंबर घ्या. इंडिया पोस्टचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ६८६८. दाद लागली नाही तर विभागाच्या डाक अधीक्षकांकडे अर्ज करा.

४) सही : पोस्ट म्हणालं "पैसे दिलेत", तर कुणाच्या सही-अंगठ्यावर दिले ते दाखवा म्हणून अर्जात लिहा. सही आपली नसेल तर तेही स्पष्ट लिहा. आणि घरच्यांना पक्कं सांगून ठेवा, पैसे मोजून हातात घेतल्याशिवाय सही-अंगठा नाही! एकदा सही झाली की पैसे मिळाले असंच धरलं जातं.

५) चोरी : पैसे घेतल्यावर घरातून किंवा वाटेत चोरीला गेले तर ते पोस्टाचं काम नाही. थेट पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

"तुमची मनीऑर्डर अडकली आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ओटीपी देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

अर्ज लिहायला अडचण आली तर पावती घेऊन संस्थेच्या ऑफिसला या, आम्ही लिहून देऊ. ज्यांची माणसं बोटीवर आहेत त्यांना हे जरूर पाठवा.

– सचिव