विज्ञानकथात्मक भूमिका-खेळात जादूला जागा आहे काय?

मराठी विज्ञानकथेचा विचार करताना आपल्या अभ्यासकांसमोर बहुधा छापील कथा आणि कादंबरी एवढेच असते. परंतु विज्ञानकथा आता टेबलाभोवती बसून खेळलीही जाते आणि आपले विद्यार्थी ती खेळतात. माहीमला शीतलादेवीच्या देवळाजवळ एका माजी विद्यार्थ्याच्या घरी असा खेळ चाललेला प्रस्तुत लेखिकेने दोनतीन रविवारी पाहिला. तेथे झालेल्या एका वादामुळे हा लेख लिहावासा वाटला.

खेळाची रीत थोडक्यात सांगावयास हवी. चारपाच जण एकत्र बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक पात्र असते. त्याचे बळ, बुद्धी, कसब अंकांत मांडून कागदावर उतरविलेले असते. एक जण कथेचे सारे जग सांभाळतो. खेळणारे त्याला गेममास्टर म्हणतात. आपण सूत्रधार म्हणू. सूत्रधार परिस्थिती सांगतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात आणि जेथे यशापयश अनिश्चित असते तेथे फासे टाकले जातात. संहिता आधी लिहिलेली नसते, ती बोलता बोलता घडते. दशावतारातील नट आयत्या वेळी संवाद रचतात, त्याच्याशी हे काहीसे जवळचे आहे.

त्या रविवारी कथेतील अंतराळयानाचे इंजिन बंद पडले होते. एका खेळाडूने आपले पात्र मंत्र म्हणून ते सुरू करील, असे जाहीर केले. शेजारची मुलगी उसळून म्हणाली, “मंत्रानेच चालणार असेल, तर मी इंजिनिअर कशाला घेतली?” अर्धा तास खेळ थांबला.

तिचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. छापील कथेत अशक्य गोष्ट घडली तर वाचक फार तर पुस्तक मिटतो. शक्य पण अविश्वसनीय घटनेपेक्षा अशक्य पण संभवनीय घटना कवीने पसंत करावी, हे अ‍ॅरिस्टॉटलचे मत आपण वर्गात शिकवितो, ते या वाचकाच्या संदर्भात. खेळाडू मात्र केवळ प्रेक्षक नसतो. कथेतील जगाचे नियम काय आहेत याचा अंदाज बांधून त्याला पुढचे पाऊल टाकावयाचे असते. ज्या जगात कशानेही काहीही होऊ शकते, तेथे अंदाज बांधता येत नाही. आणि अंदाज बांधता येत नसेल तर त्याच्या निवडीला अर्थ उरत नाही. तेव्हा जादूविषयीचा आक्षेप येथे केवळ वाङ्मयप्रकाराच्या शुद्धतेचा नाही. तो खेळाडूच्या कर्तृत्वाचा आहे.

या खेळांच्या कर्त्यांना ही अडचण लवकरच उमगलेली दिसते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याचे जग जादूचेच होते. १९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ने हा प्रकार अंतराळात नेला. त्यात जादू नाही, परंतु परचित्तज्ञानासारख्या मनःशक्ती आहेत, म्हणजे मागील दाराने जादू आलीच. मात्र तिला बंधने आहेत. पात्राचे वय वाढत जाते तशी ही शक्ती लाभण्याची शक्यता घटते, आणि वापरलेली शक्ती उणी होऊन विश्रांतीनेच भरून येते. १९८९ च्या ‘शॅडोरन’ने तर संगणकयुगाच्या भविष्यात उघडपणे मांत्रिक आणले. तेथे मंत्र टाकणाऱ्याला त्याचा शीण सोसावा लागतो. आणि शरीरात यंत्रे बसवून घ्यावीत तसतशी त्या पात्राची मांत्रिक शक्ती क्षीण होते. यंत्र की मंत्र, ही निवड खेळाडूला स्वतःच्या देहावर करावी लागते. ही कल्पना प्रस्तुत लेखिकेला अनेक छापील कथांपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटते. येथे जादूला विज्ञानाचे स्पष्टीकरण नाही. पण तिचा हिशेब आहे.

१९७४ हे साल मराठी विज्ञानकथेच्या अभ्यासकालाही परिचित आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला त्या वर्षी पहिले पारितोषिक मिळाले, आणि जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर हे पुढे उघड झाले. नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेतली होती, हा गमतीचा भाग. त्यानंतरच्या मराठी विज्ञानकथेने, निदान तिच्याविषयीच्या चर्चेने, चमत्काराला दारातच अडविले. विज्ञानकथेतील विज्ञान खरे किंवा संभाव्य हवे, हा निकष आपल्याकडे जवळजवळ निर्विवाद झाला. नारायण धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या आणि भयकथाही. पण त्यांच्या समर्थांच्या कथांना आपण गूढकथेच्या खान्यात ठेवून मोकळे झालो.

खुद्द नारळीकरांची कथा मात्र या निकषापेक्षा मोकळी आहे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा पाहावी. माहीमहून जवळच असलेल्या प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा. अशा मूर्तीचे सोवळे कडक, ही समजूत मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. त्या समजुतीने आलेला विस्मय लेखक हसण्यावारी नेत नाही, तो वापरतो. आरशातील प्रतिमेप्रमाणे डावे-उजवे उलटण्याचा चमत्कार पुढे मोबियसच्या पट्टीच्या भूमितीने उलगडतो. अद्भुताचा स्थायिभाव विस्मय. पण येथे विस्मय पात्रांना हात जोडून स्वस्थ बसवीत नाही, प्रश्न विचारावयास लावतो.

तरीही मराठीत या प्रश्नाला एक धार आहे, जी इंग्रजी खेळांच्या नियमपुस्तकांत नसते. ‘जादू’ हा शब्द आपल्याकडे परीकथेपुरता राहिलेला नाही. ‘जादूटोणा’ हा येथे कायद्याच्या नावातला शब्द आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाने कायदा संमत केला. ज्या समाजात एवढी किंमत मोजली गेली, तेथील विज्ञानकथेने चमत्काराशी सलगी टाळली याला संकोच म्हणून चालणार नाही. परंतु या सावधगिरीतून एक गैरसमजही रुजला. जादूचा उल्लेख असलेली कथा जादूचा प्रचार करते, हा तो गैरसमज. प्रचार उल्लेखाने होत नाही. पडताळा नाकारण्याने होतो.

याचे उदाहरण माहीमच्याच किनाऱ्यावर घडलेले आहे. १८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. लोकांच्या झुंडी लोटल्या. बाटल्या भरून पाणी नेले, प्राशनही केले. कित्येकांनी ती मखदूमबाबांची कृपा मानली. ते पाणी पिऊ नये, असे अधिकाऱ्यांना बजावावे लागले. मुसळधार पावसाचे गोडे पाणी समुद्रात मोठ्या प्रमाणात मिसळून खारेपणा उतरला असावा, असे स्पष्टीकरण पुढे आले, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट लागू लागले.

हाच प्रसंग एखाद्या सूत्रधाराने टेबलावर मांडला तर? एका पात्राने पाणी चाखावे, दुसऱ्याने नमुना घ्यावा, तिसऱ्याने आजारी आईसाठी बाटली भरावी. आणि प्रत्येकाला आपल्या कृतीचा परिणाम भोगावा लागावा. बाबांची कृपा की पावसाचे पाणी, हे सूत्रधाराने आधी ठरविलेले असो. खेळाडूला ते तपासण्याची वाट मोकळी असेल तर तो विज्ञानकथेचाच खेळ आहे, उत्तर कृपा असे निघाले तरीही. ‘चमत्कार आहे, विचारू नका’ असे म्हटले गेले की खेळ संपला. उलट, ‘क्वांटम’ असा शब्द उच्चारून कोणतीही अडचण दूर करणारे यंत्र म्हणजे मंत्रच. त्याला विज्ञानकथेत फुकट प्रवेश का मिळतो, हे आपल्या समीक्षेने कधी फारसे विचारलेले नाही.

भाषेने हा शेजार पूर्वीच पत्करला आहे. ज्या शीतलादेवीच्या देवळाजवळ हा खेळ चालतो, ती फोड्यांच्या रोगाची देवता. मराठीत रोगालाही ‘देवी’ म्हणत, आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’. ज्यांच्या दंडावर तो व्रण आहे, त्यांना त्या दोन अर्थांत भांडण असल्याचे कधी जाणवलेही नसेल.

त्या रविवारच्या वादाचा निकाल असा लागला. सूत्रधाराने मंत्र मान्य केला; मात्र मंत्राने इंजिनात नेमके काय बदलले ते शोधल्याशिवाय यान वळविता येणार नाही, असे सांगितले. ते शोधण्याचे काम अर्थातच इंजिनिअरकडे आले. तिने फासा टाकला. आकडा कमी पडला. पुढचा सबंध रविवार त्यांचा त्या शोधातच गेला, आणि मंत्र म्हणणारा मुलगा तिच्या शेजारी बसून नोंदी उतरवून घेत होता.