आगाऊ उपचारशुल्क : परताव्याचा हिशेब कधी मांडायचा?

घर घेणाऱ्याने बांधकाम व्यावसायिकाला आगाऊ किती पैसे द्यावेत, याचा विचार आपल्या कायद्याने केला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे लेखी करार करून तो नोंदविल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून बांधकामाच्या प्रगतीनुसारच काढावी लागते. भिवपुरी, नेरळ, कर्जत या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे हे नियम येथील नोकरदारांच्याही कानी पडले आहेत. परंतु तोच नोकरदार दातांच्या उपचारासाठी कल्याणला किंवा ठाण्याला जाऊन एकरकमी पैसे भरतो, तेव्हा त्या पैशाभोवती असे कोणतेही कुंपण नसते. उपचार अर्धवट राहिला की वाद सुरू होतो, आणि तो वाद मिटविण्यास आधार म्हणून बहुधा एका पावतीपलीकडे काही हाती नसते.

या वादाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका शिक्षकाने मुलीच्या दातांना तारा लावण्यासाठी दीड वर्षाच्या उपचाराचे ६० हजार रुपये आरंभीच भरले, असे समजू. एकदम भरल्यास सवलत मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. सहा महिन्यांनी त्यांची बदली झाली. अठरांपैकी बारा महिने उरले, म्हणून ४० हजार परत मिळावेत, असे शिक्षक म्हणतात. तपासणी, मापे, साहित्य आणि तारा बसविण्याचे मुख्य काम पहिल्याच टप्प्यात झाले, पुढे केवळ देखरेख होती, असे डॉक्टर म्हणतात. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. खर्च आरंभी जास्त होतो हे खरे. परंतु कोणत्या टप्प्याचे मोल किती, हे पैसे घेताना कोणीच लिहून ठेवले नाही. म्हणून परताव्याचा प्रश्न भांडणाच्या दिवशी सुटत नाही; तो पैसे भरण्याच्या दिवशीच सुटलेला असावा लागतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. गुण आला नाही म्हणून पैसे परत मागणे वेगळे, आणि जो उपचार झालाच नाही त्याचे पैसे परत मागणे वेगळे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी ‘गुण नाही तर पैसे नाहीत’ असा करार करणे अनैतिक ठरविले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण शरीर कोणालाच हमी देत नाही. मात्र त्याच नियमांनी, शुल्क उपचारापूर्वी सांगावे, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, असेही बजावले आहे. दंतवैद्यांची परिषद वेगळी असली, तरी हे तत्त्व त्यांनाही लागू पडावे असेच आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता आगाऊ शुल्क म्हणजे रुग्णाने दवाखान्याला दिलेले बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज होय. केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले, की वैद्यकसेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून तेथे विश्वासाला इतर बाजारांपेक्षा अधिक स्थान असते. एकरकमी भरण्यात रुग्ण विश्वासाबरोबर आपली सौदाशक्तीही देऊन टाकतो. टप्प्याटप्प्याने पैसे देणारा रुग्ण असमाधान वाटल्यास थांबू शकतो. सर्व आधीच भरलेल्याला विनवण्या कराव्या लागतात.

कर्ज काढून शुल्क भरले असेल, तर गुंता आणखी वाढतो. वित्तसंस्था पूर्ण रक्कम दवाखान्याला देऊन मोकळी होते, आणि रुग्णाचे हप्ते चालू राहतात. स्पेनमध्ये २०१८ साली ‘आयडेंटल’ ही दवाखान्यांची साखळी बंद पडली, तेव्हा असंख्य रुग्णांच्या वाट्याला अर्धवट दात आणि पूर्ण कर्ज आले. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचे ७५ वे कलम विशिष्ट मर्यादेतील व्यवहारांत कर्ज देणाऱ्यालाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरते. आपल्याकडेही अशा तरतुदीची गरज आहे.

आपला कायदा अगदीच दुबळा आहे, असे मात्र नव्हे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकसेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे आणि सदोष सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत, मुदत ठरलेली नसल्यास ३० दिवसांत, परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. भिवपुरीच्या रहिवाशाच्या बाबतीत मात्र ही सवलत काहीशी विपरीत ठरते. त्याच्या जिल्ह्याचा आयोग अलिबागला, म्हणजे एसटीच्या लांबच्या प्रवासावर. आणि दवाखाना कल्याणचा असेल, तर ठाण्याचा आयोग थेट लोकलच्या मार्गावर! तो ठाण्यालाही जाऊ शकतो, आणि ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे. तथापि काही हजारांसाठी तारखांमागे धावणे सामान्य माणसाला परवडत नाही, हे वास्तव त्याने बदलत नाही.

उपाय आपल्याच राज्याने एकदा करून दाखविला आहे. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांचे दर ठरवून दिले : विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले, आणि अनेक कुटुंबांना जादा घेतलेली रक्कम परत मिळाली. ती मिळाली याचे कारण तुलनेसाठी लिखित दर होता आणि तो पाहणारा त्रयस्थ माणूस होता. तेथे शासनाने दर बांधून दिले होते; एरवी तेवढेही करण्याची गरज नाही. प्रत्येक दवाखान्याने आपले दर आपणच ठरवावेत, पण ते टप्प्यागणिक आणि लेखी सांगावेत, एवढे पुरे.

दीर्घ उपचारांसाठी तीन नियम बंधनकारक व्हावेत. प्रत्येक टप्प्याचे शुल्क पैसे घेण्यापूर्वी लिहून द्यावे. न झालेल्या टप्प्याच्या शुल्कातून, त्यासाठी आधीच मागविलेल्या कॅप, कवळी वा तत्सम साहित्याचा खर्च बिलासह वजा करून, उरलेली रक्कम ३० दिवसांत परत करावी. आणि झालेल्या टप्प्यांपलीकडे शुल्काच्या ठरावीक अंशाहून अधिक रक्कम आगाऊ घेऊ नये. यात डॉक्टरांचेही हित आहे. उपचार अर्ध्यावर सोडून पूर्ण परतावा मागणाऱ्या रुग्णाला दाखविण्यास त्यांच्याही हाती कागद असेल.

कायदा होईपर्यंत रुग्णाने स्वतःपुरता एक नियम पाळावा : सवलतीच्या मोहाने सर्व रक्कम एकदम भरू नये, आणि टप्प्यांचा तक्ता मागितल्याशिवाय पहिला रुपयाही देऊ नये. असा तक्ता मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे, हा संकोच आता सोडला पाहिजे. हिशेब लिहिलेला असला म्हणजे विश्वास कमी होत नाही. उलट तो टिकतो.